आकडा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पैशातले सगळे कळते, असा एक गैरसमज आमच्या नातेवाइकांत पसरलेला आहे. तो कुणी पसरवला ते मला माहीत आहे. माझे लग्न ठरत होते तेव्हा मीच पसरवला होता. त्याची फळे मी आजतागायत भोगतो आहे. कुणाला फाटकी नोट बदलून हवी असते, कुणाला मुदत ठेव कितीची ठेवू ते विचारायचे असते. पण परवा इंग्लंडातल्या लेस्टरहून भाच्याचा फोन आला आणि त्याने जे विचारले, ते यवतमाळच्या दत्त चौकात मला आजवर कुणी विचारलेले नव्हते.

"मामा, इकडे फुटबॉलवर पैसे लावायच्या ढीगभर साइट आहेत. त्यातली लायसनवाली, भरवशाची कोणती ते कसं ओळखायचं? तुम्ही बँकेत आहात म्हणून विचारतो."

मी आधी स्वयंपाकघराकडे पाहिले. कुकरची शिट्टी होत होती, म्हणजे धोका नव्हता. तरी आवाज खाली आणून विचारले, "अरे, तुझ्या आईला माहीत आहे का हे?"

"मामा, इथे कायदेशीर आहे ते!"

या 'कायदेशीर' शब्दापुढे मी गप्प झालो. जुगाराशी आमच्या घराण्याचा संबंध जुना आहे, पण तो कायदेशीर असल्याचे मला आठवत नाही.

आमच्या मोठ्या काकांची दारव्ह्याकडे कापसाची कोरडवाहू शेती होती. सकाळी उठल्याबरोबर ते काकूला पहिला प्रश्न विचारीत, "रात्री सपनात काय दिसलं?" नवरा-बायकोतले हे प्रेम पाहून मला लहानपणी फार बरे वाटे. पुढे कळले की सापाचा एक आकडा असतो, विहिरीचा दुसरा आणि मेलेल्या सासऱ्याचा तिसरा. मग काका चिठ्ठी लिहून माझ्या हातात देत. "राजा, आज पंजा येते पाय. जाय बरं, पानठेल्यावर देऊन ये." ओपन, क्लोज, जोडी आणि पाना हे शब्द मला तेराच्या पाढ्याआधी पाठ झाले. तेराचा पाढा अजून होतोच आहे.

या मटक्याचा इतिहास मी पुढे वाचला, आणि वाचून आमच्या जिल्ह्याच्या नशिबाची मला गंमत वाटली. ओपन आणि क्लोज हे शब्द मुळात कापसाचे! न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडायचा आणि बंद व्हायचा, ते आकडे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात यायचे, आणि मुंबईकर त्यांवर पैसे लावायचे. हाच 'आकडा'. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे बंद झाले. आता खरा भाव नाही म्हटल्यावर सभ्य माणूस घरी गेला असता. पण कल्याणजी भगत या कच्छहून आलेल्या गृहस्थांनी १९६२ मध्ये वरळीला आपला आकडा सुरू केला, आणि कराचीहून आलेल्या रतन खत्रींनी १९६४ मध्ये आपला. चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढायचा म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक तो ओपन. रात्री पुन्हा तसेच, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. आणीबाणीत खत्री तुरुंगात गेले, आकडा मात्र फरारच राहिला.

म्हणजे पाहा. आमच्या काकांनी शेतात खराखुरा कापूस पिकवायचा, तो विकायचा, आणि आलेला पैसा कधीकाळी कापसाच्या भावावर चालणाऱ्या, पण आता कापसाचा एक धागाही शिल्लक नसलेल्या आकड्यावर लावायचा! १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्या चुकाऱ्याची काका वर्षभर वाट पाहत. चुकारा आला की तो पानठेल्यावरून एका चिठ्ठीच्या वेगाने निघून जाई.

कापसाची आणि सट्ट्याची ही सोयरीक त्याहूनही जुनी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची आठवण झाली. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर, जमीन निघण्याआधीच, आभाळाला भिडले. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कोसळताना बँक ऑफ बॉम्बेलाही घेऊन गेले. बँकेचा कर्मचारी या नात्याने हा प्रसंग वाचताना मी नेहमी पाणी पितो.

यानंतर इंग्रजाला आपल्या नीतीची काळजी वाटू लागली. १८६७ मध्ये त्याने जुगाराचा कायदा केला, आणि मुंबई इलाख्यासाठी १८८७ मध्ये वेगळा. तरी मुंबईकर पावसावर पैसे लावीत. अमुक वेळात पन्हाळीतून पाणी वाहील की नाही, एवढ्यावर रकमा फिरत. म्हणून १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पावसावरचा जुगारही बंद करावा लागला. हे मी एकदा काकांना सांगितले. ते म्हणाले, "मंग सरकारनं मले पहिले धरावं. मी दरसाल जूनमधी बी-बियाणं घेऊन पावसावरच तं लावतो." यावर मला बी. कॉम. असूनही उत्तर सुचले नाही.

बी. कॉम.ला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. त्यातले तिसावे कलम सांगते की पैजेचा करार रद्दबातल. जिंकलात तरी पैशासाठी कोर्टात जाता येत नाही. त्यालाच एक पोटकलम आहे. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायचे पाचशे रुपये किंवा त्याहून मोठे बक्षीस असेल, तर त्यासाठी वर्गणी गोळा करणे चालते. गरिबाचा आकडा म्हणजे गुन्हा आणि साहेबाचा घोडा म्हणजे खेळ, हा बारकावा मला पेपरात पाच गुणांना आला होता.

आपल्या जुन्या लोकांनी हा ढोंगीपणा केला नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवावा, फासे सरकारी वापरावेत, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच सरकारजमा. म्हणजे लायसन हा शोध साहेबाचा नव्हे. आणि धर्मराजाचा तो प्रसिद्ध डाव घ्या. त्याला परवानगी खुद्द धृतराष्ट्र महाराजांची होती. सगळे रीतसर होते. तरी राज्य गेले.

आपल्या सरकारनेही पुढे कौटिल्याची वही उघडली. केरळाने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी काढली, आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये, हाही त्यामागचा एक हेतू. आमच्या काकांनी सरकारचा मान राखला. ते दोन्ही खेळू लागले. कॅसिनोसाठीही महाराष्ट्राने १९७६ मध्ये कायदा केला. तो सत्तेचाळीस वर्षे अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. काम न करता इतकी सेवा करून निवृत्त होणे आमच्या शाखेतही फारसे कुणाला जमलेले नाही.

काका गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक वही निघाली. आखीव, तांबड्या शाईचा समास, तारीखवार आकडे. मी म्हटले, हिशेब लावून पाहू, शिक्षणाचा कधी तरी उपयोग. मटक्याचे गणित सोपे आहे. दहा आकडे, आणि लागला तर एकाला नऊ. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात, नव्वद येतात. ते नव्वद पुन्हा लावा, एक्क्याऐंशी. असे दहा वेळा केले की शंभराचे सरासरी पस्तीस उरतात. म्हणजे हे चक्रवाढ व्याजच, फक्त उलट्या बाजूने चालणारे. या हिशेबाने काकांचा तोटा काढायला बसलो, तर वहीत तोटाच नव्हता! पानामागून पाने फक्त लागलेले आकडे. 'पंजा, ४५ रु.' 'जोडी ३७, १८० रु.' न लागलेला एकही आकडा काकांनी लिहिला नव्हता. त्या वहीप्रमाणे ते सुखी आणि श्रीमंत माणूस म्हणून वारले.

वही काकूने मागितली. तिच्या हातात पाटल्यांच्या जागी काचेच्या बांगड्या होत्या, त्या लहानपणापासून तशाच पाहत आलो होतो. तिने पाने चाळली आणि एवढेच म्हणाली, "माह्या पाटल्या कोन्त्या पानावर आहेत रे?"

एवढे पाहिलेला मी या वाटेला गेलो नसेन, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होते. पण फोनवर क्रिकेटचा संघ निवडायचा, एकोणपन्नास रुपये भरायचे, हा म्हणे जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ. कौशल्य म्हटल्यावर आम्ही बसलो. ज्याला मी कप्तान करीन तो शून्यावर बाद होई, यात काही कौशल्य असेल तर ते माझ्यात भरपूर होते. दोन मोसमांनंतर एका रविवारी मी स्वतःच्या खात्याचा उतारा काढला. एकोणपन्नास रुपयांच्या २१२ नोंदी. १०,३८८ रुपये गेले, २,१४० आले. मला आठवत होते ते फक्त २,१४०. काकांची वही मी हसत हसत तपासली होती, पण त्या रविवारी हसू आले नाही. दुसऱ्यांच्या खात्यातल्या अशाच नोंदी मी काउंटरवर रोज पाहत होतो. त्यांत विशीतल्या पोरांची खाती होती, आणि बापाच्या पीककर्जाची खातीही होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि अशा व्यवहाराचे पैसे बँकांनीही पुढे पाठवायचे नाहीत. जन्मात प्रथमच एखाद्या कायद्याने मला माझ्याच काउंटरवर येऊन अडवले.

भाच्याला मात्र उत्तर द्यायचे होते. बँकेची अब्रू पणाला होती. मी दोन रात्री अभ्यास केला आणि त्याला फोन लावला.

"हे बघ. तुमच्याकडे १९६१ पासून पैजेची दुकाने उघड चालतात. २००५ च्या कायद्याने गॅम्बलिंग कमिशन आले. साइटच्या तळाशी लायसनचा नंबर असतो. तेवढ्यावर विसंबू नकोस, कमिशनच्या नोंदवहीत तो नंबर, कंपनीचे नाव आणि साइटचा पत्ता जुळतो का ते स्वतः पाहा. कंपनी परदेशातली असली तरी २०१४ पासून तिला तिथले लायसन लागतेच. वय आणि ओळख न विचारता पैसे घेणारी साइट दिसली तर पळ. क्रेडिट कार्ड घेत असेल तरी पळ, २०२० पासून तिथे त्याला बंदी आहे. आणि कंपनी बुडाली तर तुझ्या शिलकीचे काय, ते अटींत लिहिलेले असते, ते आधी वाच. आमच्याकडे ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, तसा तुझ्या त्या शिलकीला नाही."

"वा मामा! म्हणजे एवढं पाहिलं की झालं?"

"एवढं पाहिलंस तर जिंकलेले पैसे तुला मिळतील. जिंकशील असे कुणी म्हटलेले नाही. लायसन दुकानाचे असते रे, गिऱ्हाइकाच्या नशिबाचे नसते. आणि आणखी एक कर. एक वही घाल. गेलेले पैसे आधी लिही, आलेले मागून. तीन महिन्यांनी मला वाचून दाखव. वाचून दाखवायची लाज वाटली, तर गॅमस्टॉप म्हणून तिथे एक सोय आहे, २०१८ पासूनची. एकदा नाव नोंदवलेस की लायसनवाल्या सगळ्या साइट तुला दारातूनच परत पाठवतील. आपल्या काकांच्या वेळी असली सोय नव्हती. त्यांना परत पाठवणारी एक काकूच होती, आणि तिचे ऐकतो कोण?"

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "मामा, आईला सांगू नका हं."

म्हणजे कायदेशीर असूनही आईला सांगायचे नव्हतेच. मी बरे म्हटले आणि फोन ठेवला. वळून पाहतो तो सौभाग्यवती दारात उभी. कुकर कधीच उतरला होता.

"कसली वही?" तिने विचारले.

मी मुकाट्याने उठलो आणि तो २१२ नोंदींचा उतारा कपाटातून काढून तिच्या हातात दिला. तिने तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग बेरीज तपासली. बरोबर होती.