नव्या दिल्लीची सावली : राजधानीच्या रस्त्यांवरील वृक्षराजी

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा पंचम जॉर्ज यांनी १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात केली. त्यानंतर रायसीना टेकडीच्या परिसरात एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदांच्या आराखड्यानुसार नवे शहर उभे राहिले. फेब्रुवारी १९३१ मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. या शहराची चर्चा होते ती प्रामुख्याने त्यातील भव्य इमारतींमुळे. मात्र उन्हाळ्यात दिल्लीकरांना अधिक जवळची वाटते ती या शहराच्या रस्त्यांवरची सावली, आणि तीही तितक्याच विचारपूर्वक आखलेली होती.

झाडांची निवड

दिल्लीची हवा वृक्षलागवडीस फारशी अनुकूल नाही. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते आणि वर्षभराचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतच कोसळतो. अशा ठिकाणी तग धरणारी, दीर्घायुषी आणि शक्यतो बारमाही हिरवी राहणारी झाडे हवी होती. लागवडीची जबाबदारी इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पती उद्यानातून आलेले विल्यम रॉबर्टसन मस्टो यांच्याकडे होती. राष्ट्रपती भवनातील मुघल उद्यानाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. २०२३ पासून हे उद्यान 'अमृत उद्यान' या नावाने ओळखले जाते. नव्या शहरासाठी रोपे वाढविण्याचे व निरनिराळ्या जातींची चाचणी घेण्याचे काम हुमायूनच्या मकबऱ्याशेजारील सुंदर नर्सरीत चालत असे. याच जागी २०१८ मध्ये सार्वजनिक उद्यान खुले झाले.

रस्त्यांसाठी मोजक्याच जाती निवडण्यात आल्या आणि एका रस्त्यावर सहसा एकच जात लावण्यात आली. किंग्जवे, म्हणजे नंतरचा राजपथ, याच्या दुतर्फा जांभळाच्या रांगा आल्या. जनपथावर अर्जुनसादडा, अकबर रोडवर चिंच आणि लोदी रोडवर कडुनिंब अशी ही विभागणी होती. उंची, पानांचा घेर आणि हिरवा रंग एकसारखा राहिल्याने रस्त्यांना शिस्तबद्ध रूप लाभले. राजपथावर झाडांनी इमारतींचे दृश्य झाकू नये, याचीही काळजी घेण्यात आली.

यातील बहुतेक झाडे याच भूमीतील आहेत, ही बाब लक्षणीय आहे. अर्जुनसादडा हा मूळचा नदीकाठचा, तर कडुनिंब कोरड्या जमिनीतही वाढणारा. याउलट त्याच राजवटीत दिल्लीच्या अरवली टेकड्यांवर लावलेली विलायती बाभूळ मूळची अमेरिका खंडातील. ती इतकी पसरली की, तिने स्थानिक झाडाझुडपांना मागे सारले. ती हटवून मूळ वनस्पती परत आणण्याचे प्रयत्न आजही सुरू आहेत.

परंपरा जुनीच

रस्त्याच्या कडेला सावली लावण्याची कल्पना मात्र इंग्रजांची नव्हे. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात उभ्या असलेल्या अशोकस्तंभावर सातवा स्तंभलेख कोरलेला आहे. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावविले, आमराया केल्या आणि विहिरी खोदविल्या, असे सम्राट अशोकाने त्यात नमूद केले आहे. हा स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा येथून दिल्लीस आणला.

फरक होता तो हेतूचा. अशोकाची सावली वाटसरूंसाठी होती. नव्या दिल्लीची सावली ही सत्तेच्या प्रदर्शनाचा भाग होती आणि ती मुख्यतः अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या वस्तीत पसरली. शेजारच्या शाहजहानाबादेतील दाट वस्तीच्या वाट्याला ती आली नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र हे रस्ते सर्वांचे झाले. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली चादर धरून जांभळे झेलणारे आणि पदपथावर ती मीठ लावून विकणारे विक्रेते हे आता या रस्त्यांचे ओळखीचे दृश्य आहे.

शंभरीतील प्रश्न

ही झाडे आता शंभरीच्या आसपास पोहोचली आहेत. एकाच काळात लावलेली झाडे एकाच काळात म्हातारी होतात, हा अशा लागवडीचा मोठा दोष. वादळात जुनी झाडे उन्मळतात आणि रांगेत खिंडारे पडतात. त्यात बुंध्यापर्यंत घातलेल्या काँक्रीटमुळे पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही. या प्रश्नाची दखल घेत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचे आदेश दिले. वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवण्यासाठी दिल्लीत १९९४ पासून वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. पुनर्विकासानंतर राजपथ ८ सप्टेंबर २०२२ रोजी 'कर्तव्य पथ' या नावाने खुला झाला. त्या कामाच्या काळातही तेथील जुन्या जांभळांचे काय होणार, हा चर्चेचा विषय ठरला होता.

इमारतीची डागडुजी करता येते, रस्त्याचे नाव एका दिवसात बदलता येते. शंभर वर्षांच्या झाडाची सावली मात्र नव्या रोपाला द्यायला तितकीच वर्षे लागतात. म्हणूनच जुनी झाडे उभी असतानाच त्यांच्या शेजारी पुढची पिढी लावणे, हाच या रस्त्यांची सावली टिकविण्याचा व्यवहार्य मार्ग आहे.