पाट्यावर पाटा : द्वारका चौक, पिकअप आणि आखावरच्या भाराचा इतिहास

पुराणातली द्वारका समुद्रात बुडाली. नाशिकची द्वारका रोज संध्याकाळी वाहनांत बुडते. जुना मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याहून सिन्नरमार्गे येणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो हा चौक. वरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी ओसरली नाही. त्या गर्दीत क्षणभर थांबून एखाद्या पिकअपच्या मागच्या चाकाकडे पाहावे. चाकाच्या आतल्या बाजूला लोखंडी पट्ट्यांची एक जुडी दिसते, धनुष्यासारखी वाकलेली. गॅरेजच्या भाषेत हे कमानपाटे. कंपनीतून गाडी निघाली तेव्हा त्यात जितके पाटे होते, त्याहून एखाददुसरा पाटा आज बहुधा जास्त असतो. तो कोणी टाकला आणि का टाकला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन शतके मागे जावे लागते.

बैलगाडीला पाटे नव्हते. साटी थेट आखावर टेकलेली, आखाच्या दोन टोकांना चाके, चाकांवर लोखंडी धाव. दगडाचा धक्का धावेतून आऱ्यांत, आऱ्यांतून तुंब्यात, तुंब्यातून आखात आणि तिथून सरळ धान्याच्या पोत्यात व गाडीवानाच्या पाठीत पोचत असे. ताशी तीन-चार किलोमीटरच्या चालीला ते सोसण्यासारखे होते. वेग वाढला तेव्हा ते असह्य झाले. म्हणून पोलादी कमानी प्रथम आल्या त्या माणसे वाहणाऱ्या घोडागाड्यांना, मालगाड्यांना नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबादाया इलियट या गाडी बनवणाऱ्याने लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले आणि गाडीचा सांगाडा हलका झाला. ताण आणि भार एकमेकांच्या प्रमाणात वाढतात, हा नियम रॉबर्ट हूकने त्याआधीच, १६७८ मध्ये मांडला होता. टांग्यांच्या रूपाने तीच कमान पुढे आपल्याकडच्या रस्त्यांवरही धावू लागली.

नाशिकला या कथेत एक अनपेक्षित पाहुणा भेटतो. रेल्वेचे स्थानक गावापासून आठ-दहा किलोमीटर दूर पडले होते. स्थानक आणि जुने नाशिक यांना जोडण्यासाठी १८८९ च्या सुमारास अडीच फुटी रुळांची ट्राम उभी राहिली. तिचे डबे आरंभी घोडे ओढत. आज नाशिकरोडहून द्वारकेकडे येणारा रस्ता जे काम करतो, तेच काम तेव्हा ही ट्राम करी. १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. या ट्रामचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पूर्वी तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत होता. (विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री पुढे याच गृहस्थाने तयार केली. भार खाली कसा उतरवावा, याचा ध्यास त्याला आयुष्यभर असावा.)

कॅलथ्रॉपचे खरे स्मारक मात्र बार्शीला झाले. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. त्याआधी तिथला माल बैलगाड्यांनी कुर्डुवाडीजवळच्या स्थानकापर्यंत जात असे. कॅलथ्रॉपने आग्रह धरला तो असा : इंजिन असो, प्रवासी डबा असो की भरलेली वाघीण, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. एकदा हा आकडा ठरला की रूळ किती जाड, पूल किती मजबूत, कमानी किती ताठ, हे सारे त्यातूनच ठरते. भार गाडीत किती आहे, यापेक्षा तो एका आसावर किती उतरतो, हे महत्त्वाचे. सव्वाशे वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अरुंद रुळावर हे सूत्र पक्के झाले होते. आज पिकअपच्या बाबतीत नेमके तेच विसरले जाते.

रस्त्यावरची छोटी मालवाहतूक महाराष्ट्रात रुजली ती स्वातंत्र्यानंतर. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि जर्मन ‘टेम्पो’ कंपनीच्या परवान्याने तीनचाकी मालवाहू गाड्या बनू लागल्या. त्या गाडीने मराठीला एक शब्द दिला : आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी म्हणजे टेम्पोच. १९६९ मध्ये मॅटाडोर आली. खरी कसोटी लागली ती १९८० च्या दशकात. टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्यांनी भारतीय भागीदारांबरोबर हलके ट्रक आणले. आखीव, चपळ, कमी इंधन खाणारे. १९८६ मध्ये टेल्कोने त्यांच्यापुढे टाटा ४०७ उभी केली.

पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. डीसीएम-टोयोटा आणि ऑल्विन-निस्सान ही नावे बाजारातून गेली. आयशर आणि स्वराज टिकून राहिले. ४०७ ने मात्र मैदान मारले. येन महागल्याने जपानी सुटे भाग परवडेनासे झाले, हे एक कारण. दुसरे कारण चालकांच्या तोंडी अधिक असे : कागदावर लिहिलेल्या वजनाला भारतात कोणी मानत नाही, हे पुण्याच्या अभियंत्यांना ठाऊक होते. गाडी घडवतानाच त्यांनी जादा ओझे गृहीत धरले. यात व्यवहारज्ञान होते, आणि एका वाईट सवयीला दिलेली मूक संमतीही होती.

एकविसाव्या शतकात ४०७ च्या खालची जागा दोन गाड्यांनी भरली. २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे लोकांचा ‘छोटा हत्ती’, आणि बोलेरो पिकअप. महिंद्राने १९४७ मध्ये विलीस जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपला पुढेमागे पाटेच होते. बोलेरो २००० साली आली आणि नाशिकच्या सातपूर भागातल्या कारखान्याशी तिचे नाते जुळले. पिकअपच्या मागच्या आसाखाली पाट्यांचा तो वारसा अजून शाबूत आहे. मोटारींनी पाटे सोडून गुंडाळी स्प्रिंगा घेतल्या. ओझेवाल्या गाडीने पाटे सोडले नाहीत, कारण पाटा भार पेलतो आणि आसाला जागेवरही धरून ठेवतो.

आता द्वारकेच्या गॅरेजात काय घडते ते पाहावे.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो वीस किलोच्या कॅरेटने विकला जातो. रिकाम्या कॅरेटचे वजन धरले तर साधारण बावीस किलो. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्ये अशी सत्तरच्या आसपास कॅरेटे नियमाने बसतात. हौद्यात जागा मात्र शंभरांहून अधिक कॅरेटांची असते आणि भाडे पुष्कळदा कॅरेटमागे ठरते. शंभर कॅरेटे म्हणजे बावीसशे किलो. भाव पडले की शेतकरी एका खेपेत अधिक माल पाठवू पाहतो, चालकालाही गाडीचा हप्ता भरायचा असतो, आणि व्यापाऱ्याला पहाटे मुंबईचा बाजार गाठायचा असतो. लासलगावच्या आवारात पिकअपमधून वीस क्विंटलांहून अधिक कांदा उतरला तर कोणी वळूनही पाहत नाही. असा भार रोज वाहिला की कमान सपाट होते, गाडी मागून ‘बसते’, खड्ड्यात आस थेट रबरी गट्ट्यावर आदळतो आणि एके दिवशी मुख्य पाटा तुटतो. मग गाडी कमानवाल्याकडे येते.

कमानवाल्याजवळ तीन उपाय असतात. जुने पाटे काढून ठोकून पुन्हा वाक देणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अल्पायुषी, कारण पोलादाला योग्य तापमानाचे पाणी पुन्हा दिले नाही तर वाक टिकत नाही. दुसरा उपाय जादा पाटा टाकण्याचा. तिसरा म्हणजे हेल्पर : मुख्य जुडीच्या वर बसवलेली छोटी जुडी, जी गाडी रिकामी असताना मोकळी राहते आणि भार वाढल्यावरच टेकून कामाला लागते.

गणित सोपे आहे, पण फसवे आहे. सारख्या पाच पाट्यांत सहावा घातला तर ताठपणा सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. जाडीचा हिशेब निराळा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहा मिलिमीटरचा पाटा आला की तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. त्याच वेळी तितकाच वाकवला तर जाड पाट्यावर ताणही अधिक येतो. म्हणून जाड पाटा पातळ पाट्यांच्या जुडीत घुसडला की तोच आधी तडकतो, हे जुने कारागीर सूत्र न मांडताही जाणतात.

खरा धोका मात्र तुटणाऱ्या पाट्यात नाही. तो न तुटणाऱ्या पाट्यात आहे. बसलेली गाडी पाहणाऱ्याला सांगते की ओझे जास्त झाले. जादा पाटे पडले की गाडी ताठ उभी राहते आणि ती खूण पुसली जाते. आस तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, चासी तीच आणि ब्रेकही तेच. बदलली ती केवळ उंची. कॅलथ्रॉपचा पाच टनांचा नियम इथे उलटा झाला : कमान वाढली, आसाची मर्यादा तिथेच राहिली.

ब्रेकची गोष्ट तर गॅरेजबाहेर फारशी कोणाला माहीतच नसते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. एक छोटी दांडी त्याला आसाशी जोडते. चासी आणि आस यांतले अंतर कमी झाले की व्हॉल्व्ह समजतो, गाडी भरलेली आहे, मागच्या चाकांना अधिक दाब द्यावा. जादा पाट्यांनी ते अंतर वाढवले की व्हॉल्व्हची दिशाभूल होते. दोन टन माल लादलेला असताना तो गाडी रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक आखडता घेतो. सारा भार पुढच्या ब्रेकवर येतो. नाशिकहून मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरायचा असतो, हे लक्षात घेतले की या चुकीची किंमत कळते. पाटे वाढवल्यावर ही दांडी नव्याने जुळवून घेणे आवश्यक असते. पुष्कळदा ते राहून जाते.

कायद्याची चाल याच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ नोंदणीकृत वजनाहून अधिक ओझे नाकारते. तरीही कित्येक वर्षे काही राज्ये ठरावीक रक्कम घेऊन जादा ओझ्याला वाट करून देत होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली. २०१८ मध्ये केंद्राने अवजड वाहनांच्या आसभाराची मर्यादा वाढवली आणि दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. वास्तवापुढे नियमाने पाऊल मागे घेतले, असेच याचे वर्णन करावे लागेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या रचनेत बदल करण्यावर कलम ५२ ची मर्यादा पुन्हा अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड दोन हजारांवरून वीस हजारांवर नेला, शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. भुईकाट्यासमोरची रांग त्यानंतर गंभीर झाली. पाट्यांची मागणी मात्र संपली नाही.

रस्ता फोडण्याचा आरोप पिकअपवर सहसा होतो, तो फारसा खरा नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून निघालेला अंदाज असा की रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आठ टनांच्या आसाच्या तुलनेत दोन टनांचा आस रस्त्याचे अडीचशेव्या हिश्शाइतके नुकसान करतो. पिकअप झिजवते ती स्वतःला आणि चालकाच्या मणक्याला. ताठ पाट्यांवर रिकामी गाडी परतताना मागची चाके उडतात, ओल्या रस्त्यावर पकड सुटते. ज्या फेरीत काहीच कमाई नाही, तीच फेरी अधिक हाडे खिळखिळी करते.

१२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी द्वारका परिसरातील उड्डाणपुलावर लोखंडी सळ्या नेणाऱ्या ट्रकवर मागून एक टेम्पो आदळला. टेम्पोत माणसे होती, निफाडहून परतणारी; त्यांतल्या अनेकांचा जीव गेला. त्या अपघाताचा दोष पाट्यांवर टाकण्याचे कारण नाही. पण मालासाठी घडवलेला हौदा, त्यात बसलेली माणसे आणि पुढच्या ट्रकवरचे लोखंड हे सारे एका चौकाच्या अंगावर कसे येते, ते त्या संध्याकाळी नाशिकने पाहिले.

चांगला कमानवाला आजही घाई करत नाही. तो आधी मुख्य पाट्याला तडा आहे का ते पाहतो, शॅकलचे बुश बदलतो, सेंटर बोल्ट नवा घालतो. जुडी जाड झाल्यामुळे यू-बोल्ट लांब लागतात. ते वापरलेले पुन्हा बसवत नाही, आणि काहीशे किलोमीटर धावल्यावर गाडी परत बोलावून आवळून देतो, कारण नव्या पाट्यांची बैठक सैल पडते. रोज जड ओझे असेल तर तो जादा पाट्यापेक्षा हेल्परच सुचवतो आणि ब्रेकच्या त्या दांडीकडे बोट दाखवतो. मोठी गाडी घ्या, असेही काही जण सांगतात. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने हा सल्ला तोट्याचा असतो.

तुटलेला पाटा मात्र वाया जात नाही. तो लोहाराकडे जातो. मोटारीच्या पाट्याचे पोलाद धार धरते, म्हणून त्याचे कोयते, विळे आणि कुऱ्हाडी होतात. निफाडच्या मळ्यात ऊस तोडणाऱ्या एखाद्या कोयत्याने कधीकाळी कांद्याच्या पोत्यांखाली कसारा घाट उतरलेला असू शकतो.