सहलीची आगबोट आणि पोहण्याची विद्या

पोहणे हा आपल्याकडे छंद मानला जातो, फार तर व्यायाम. उन्हाळ्याच्या सुटीत वेळ उरला तर शिकायचा, आणि मुलगी असेल तर बहुधा राहून जाणारा. मुलींना पोहायला शिकवले पाहिजे, ही गोष्ट समाजाच्या लक्षात कशी आली याचा इतिहास मात्र छंदाचा नाही. त्यातले एक मोठे प्रकरण शाळकरी मुलांनी भरलेल्या एका सहलीचे आहे.

१५ जून १९०४, बुधवार. न्यूयॉर्कमधील जर्मन वस्तीतल्या सेंट मार्क्स चर्चने वार्षिक सहलीसाठी ‘जनरल स्लोकम’ ही आगबोट भाड्याने घेतली होती. कामाचा वार असल्याने पुरुष थोडे. सुमारे १,३५० प्रवाशांत बहुतेक बायका आणि मुले. ईस्ट नदीतून जात असता बोटीच्या पुढील भागात आग लागली. खलाशांनी पाण्याच्या नळ्या ओढल्या, तर त्या कुजलेल्या. दाब येताच फाटल्या. आयांनी मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे चढवून त्यांना पाण्यात सोडले. ही जाकिटे १८९१ मध्ये बोट बांधली गेली तेव्हापासून उन्हापावसात टांगलेली होती. आतल्या बुचाचा भुगा झाला होता. ती पाणी पिऊन जड झाली आणि मुलांना घेऊन बुडाली. ज्या बायकांनी मागोमाग उड्या घेतल्या त्यांच्या अंगावर पायघोळ, अनेक पदरी कपडे होते, आणि पोहणे त्यांना कोणी शिकवलेलेच नव्हते. किनारा दोन्ही बाजूंना दिसत होता. त्या सकाळी १,००० हून अधिक माणसे गेली.

जेमतेम महिन्यापूर्वी सरकारी तपासनिसाने बोटीवरील साहित्य सुस्थितीत असल्याचा दाखला दिला होता. या साऱ्या हकिकतीत मला आगीपेक्षा तो कागद अधिक भयंकर वाटतो. पुढे कप्तान तुरुंगात गेला. कंपनी किरकोळ दंडावर सुटली.

या दुर्घटनेनंतर न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांनी पोहणे शिकावे हा आग्रह वाढू लागला. तरी वाट सोपी नव्हती. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे जलतरण सुरू झाले, पण अमेरिकेने आपल्या मुली पाठवल्या नाहीत. १९१७ साली शार्लट एप्स्टाईन या न्यायालयातील लघुलेखिकेने स्त्रियांची जलतरण संस्था काढली. दिवसभर कचेरीत बसणाऱ्या बायकांना व्यायाम मिळावा, हा एक हेतू. जीव वाचवता यावा, हा दुसरा. या संस्थेतली एथेल्डा ब्लाइब्ट्री पोलिओतून सावरण्यासाठी पाण्यात उतरली होती. १९१९ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर पायमोजे काढून पोहल्याबद्दल तिला पकडण्यात आले. (मोज्यांसह पोहण्याचा नियम करणारे स्वतः कधी मोजे घालून पोहले होते की नाही, कोण जाणे!) पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये तिने स्त्रियांसाठी असलेल्या जलतरणाच्या तिन्ही शर्यतींत सुवर्णपदक मिळवले. याच संस्थेत घडलेली गर्ट्रूड एडर्ली ६ ऑगस्ट १९२६ रोजी इंग्लिश खाडी पोहून गेली. तिच्याआधी पाच पुरुषांनी ती खाडी ओलांडली होती. त्यांतील सर्वांत वेगवान पुरुषापेक्षा तिला सुमारे दोन तास कमी लागले. बायकांना हे झेपायचे नाही, हा युक्तिवाद त्यानंतर करणे अवघड झाले.

आपल्या देशातून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला मुंबईची डॉली नाझीर आणि कोलकात्याची आरती साहा या दोघी जलतरणासाठी गेल्या. आरतीला तेव्हा बारा वर्षेही पुरी झाली नव्हती. तिनेच २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पार केली आणि असे करणारी ती आशियातील पहिली स्त्री ठरली. तिचा पहिला प्रयत्न महिनाभर आधीच फसला होता, हे आमच्या मुलींना मी मुद्दाम सांगते.

आणि तरीही, १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेहून अधिक मुले बसवलेली होती आणि अनेकांच्या अंगात जाकिटे नव्हती. स्लोकमवर जाकिटे होती पण कुजलेली. येथे ती अनेक मुलांपर्यंत पोहोचलीच नाहीत. मधल्या १२० वर्षांत बूच जाऊन फोम आला, एवढे खरे. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही; जगातल्या कोणत्याही मुख्याध्यापिकेला लागली नसती.

तेव्हापासून पाण्याकाठच्या सहलीला आमचे शिक्षक आदल्या आठवड्यात जाऊन येतात. प्रत्येक जाकीट पाण्यात टाकून पाहतात, पट्टे ओढून पाहतात, बोटीवर किती जण बसवायचे ते आधी लिहून घेतात. ठेकेदारांना हा संशय आवडत नाही. एकाने आम्हांला दाखला दाखवला. आम्ही जाकिटे मागितली.