मत्स्यकन्येची अवज्ञा

वॉल्ट डिस्ने स्टुडिओचा ‘द लिटल मर्मेड’ हा ॲनिमेशनपट नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हापासून त्याची नायिका एरिअल बंडखोर राजकन्या म्हणून ओळखली जाते. हे बिरुद तिला शोभतेही. परंतु हे बंड नेमके कोणाविरुद्ध, असा प्रश्न केला की मूळ कथेकडे वळावे लागते.

हान्स ख्रिश्चन अँडरसनने ती कथा १८३७ साली कोपनहेगन येथे प्रसिद्ध केली. त्याची मत्स्यकन्या अनाम आहे, आणि तिला मज्जाव करणारे तेथे कोणी नाही. सागरराजा विधुर, कथेत तो जवळजवळ अबोलच आहे. घर चालवते ती त्याची वृद्ध माता. पंधरावे वर्ष गाठताच प्रत्येक नातीला पाण्यावर जाण्याची मुभा कुलरीतीनेच मिळते. नायिकेला डाचते ते निराळेच. मत्स्यजन तीनशे वर्षे जगतात आणि अखेर फेस होऊन विरतात. मानवाचे आयुष्य तोकडे, पण त्याचा आत्मा अमर, असे आजी सांगते. राजपुत्रावरील प्रेम आणि या आत्म्याची आस एकमेकांत गुंतलेली आहेत. जीभ छाटून देण्याचा आणि पावलोपावली सुरीच्या धारेवर चालल्याची वेदना सोसण्याचा सौदा ती करते तो या दुहेरी ओढीपायी. ही अवज्ञा सृष्टिक्रमाचीच आहे, आणि त्याच्याकडे क्षमा मागता येत नाही. राजपुत्र दुसरीशी विवाह करतो. त्याचा वध केला तर समुद्रात परतता येईल, हे ठाऊक असूनही ती बहिणींनी आपले केस देऊन मिळवलेली सुरी लाटांत फेकते. पुढे ती वायुकन्यांत सामील होते. तीनशे वर्षांच्या सत्कृत्यांनी आत्मा मिळवण्याची वाट तिला खुली होते. हा शेवट काहींना चिकटवलेला वाटतो. मला तसे वाटत नाही. फुकेच्या ‘उंडिन’प्रमाणे (१८११) आत्मप्राप्ती परक्याच्या प्रेमावर सोपवायची नाही, हे अँडरसनने त्याच वर्षी कवी इंगेमान यांना पत्रातून कळवले होते.

दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांनी या नायिकेला नाव दिले, आणि एक कडक पिताही. मानवांशी संपर्क ठेवण्यास ट्रायटनची बंदी आहे. बुडालेल्या जहाजांतून एरिअलने जमवलेले मानवी वस्तूंचे भांडार तो त्रिशूळाने उद्ध्वस्त करतो. त्यानंतरच ती चेटकीण अर्सुलाच्या दारी जाते. आत्म्याचा प्रश्न पार गळाला. बंडाला घरातलाच प्रतिपक्षी लाभला, म्हणजे समेटाचीही सोय झाली. जीभही छाटली जात नाही. आवाज शंखात कोंडला जातो, म्हणूनच तो परत मिळू शकतो.

तरीही दुःखान्त कथा गोड करून घेतली, एवढे म्हणून चित्रपट निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. गीतकार हॉवर्ड ॲशमन रंगभूमीवरून आलेला होता. संगीतिकेच्या आरंभीच मुख्य पात्राने आपली आकांक्षा गाऊन दाखवावी, हा तिथला संकेत त्याने येथे आणला. मानवी जगाची ओढ एरिअल गाते ती राजपुत्र दिसण्याच्या आधी. एका चाचणी-खेळात मुले चुळबुळ करू लागली, म्हणून स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग हे गीत गाळण्याच्या विचारात होते. ॲशमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आग्रहाने ते राखले. गीत गेले असते तर एका तरुणाच्या मोहापलीकडे या बंडाला कारण उरले नसते. (१९९० चे ऑस्कर मात्र सेबॅस्टियन खेकड्याच्या गाण्याला मिळाले, समुद्रातच राहा, असे तिला विनवणाऱ्या!)

शेवटच्या प्रसंगात अर्सुला मेलेली आहे आणि आवाज एरिअलकडे परतला आहे. खडकावर बसून ती किनाऱ्यावरच्या एरिककडे पाहत राहते. दूर पाण्यात ट्रायटन तिच्याविषयी बोलतो ते खेकड्याशी, आणि मग त्रिशूळ पाण्याला टेकवतो. चित्रपटाच्या पूर्वार्धात पित्याशी वाद घालताना तिला शब्दांची वाण नव्हती. येथे ती काहीच मागत नाही, आणि तिला पाय मिळतात.