परळचं ते एक शिक्षण, आणि आपली रत्नागिरी

ब्लड कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो 'टाटा'. रिपोर्ट हातात पडला की सिव्हिलमधून थेट परळ. सव्वातीनशे किलोमीटर. पण टाटामध्ये तरी हे ज्ञान आलं कुठून?

टाटा मेमोरियल सुरू झालं 28 फेब्रुवारी 1941 ला. तिथली पॅथॉलॉजी उभी केली डॉ. वसंत खानोलकरांनी. 1952 मध्ये त्याच परळमध्ये, केईएमला, डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधला. त्याला आज जग 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं. म्हणजे रक्त ओळखण्यात आपण मागे नव्हतो. रक्ताचा आजार बरा करणं मात्र वेगळी गोष्ट होती.

ते आणलं डॉ. सुरेश अडवाणींनी. लहानपणी पोलिओ झाल्याने व्हीलचेअरवर. ग्रँट मेडिकलने आधी प्रवेशच नाकारला होता, भांडून मिळवावा लागला. (आज ऐकायलाही लाज वाटते.) पुढे ते अमेरिकेत सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात डॉ. डोनल थॉमस यांच्याकडे शिकायला गेले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाबद्दल ज्यांना 1990 चं नोबेल मिळालं, तेच हे थॉमस. अडवाणी तिथे राहिले नाहीत, परत आले. 1983 मध्ये टाटात नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण झालं.

मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा शिकाऊपणा महत्त्वाचा वाटतो. केमो दिल्यावर पेशंटच्या पांढऱ्या पेशी खाली जातात, साधा ताप जीव घेतो. तो ताप रात्री दोन वाजता कसा सांभाळायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. वॉर्डात, जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच येतं. आधी एक माणूस शिकून आला, मग त्याच्या हाताखाली दहा तयार झाले. फेलोशिप म्हणजे शेवटी हेच.

आता आपला हिशेब करा. डेरवणला 2015 पासून मेडिकल कॉलेज आहे, रत्नागिरीत 2023 मध्ये सरकारी आलं. आनंदच आहे. पण एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, त्यावर डीएम तीन. 2023 ला आत गेलेलं पोर रक्तविकारतज्ज्ञ होऊन बाहेर पडेल 2035 च्या आसपास, तेही एकही वर्ष वाया न जाता. आणि ते इथे परत येईल याची हमी कोण देणार?

तोवर थॅलेसेमियाच्या पोराला रक्त चढवायचं, हिमोफिलियाच्या मुलाला वेळेत फॅक्टर द्यायचा, परळहून आलेल्या पेशंटची पुढची केमो इथेच द्यायची, हे कोण करणार? 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे-केअर कॅन्सर सेंटर करायचं जाहीर झालंय. खोली होईल, खुर्च्या येतील, फीतही कापली जाईल. माझं म्हणणं एवढंच, की इथल्या दोन एमडी डॉक्टरांना आणि चार नर्सना पगार चालू ठेवून वर्षभर टाटात शिकायला पाठवा, परत येऊन पाच वर्षं इथे राहायच्या अटीवर. निवडणुकीत मतं मागायला जो कोणी दारात येईल, त्याला त्या सहा जणांची नावं विचारा.