खंडेनवमीच्या गाड्या

तंजावरचं मराठी राज्य 1855 साली खालसा झालं, पण आमच्या घरातली खंडेनवमी टिकली. पूर्वज तलवारी पुजत. आजोबा लॉरी पुजू लागले. चेन्नईत ट्रकला आजही लॉरीच म्हणतात.

त्यांची पहिली गाडी लेलँड कॉमेट. ती बनवणारी कंपनी 1948 मध्ये अशोक मोटर्स नावानं निघाली. चेन्नईजवळच्या एन्नोरच्या कारखान्यात आधी ऑस्टिन मोटारी जुळवत. ब्रिटनच्या लेलँड मोटर्सशी करार झाला आणि 1955 मध्ये कंपनीचं नाव अशोक लेलँड पडलं. कारखान्यातून मिळायची ती गाडी म्हणजे इंजिन आणि सांगाडा. केबिन आणि हौदा सुतार-लोहारांनी बांधायचा. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. वळण घेताना आजोबांचे खांदे भरून यायचे.

वडिलांनी जीप घेतली. तिचं कुळ दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचं. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून ती मुंबईत जुळवायला घेतली होती. चिखलात लॉरी रुतली की ही जीप मेकॅनिक, जॅक आणि साखळदंड घेऊन पोचायची.

आता माझ्या दारात महिंद्रांचीच थार आहे. चेन्नईजवळच्या चेंगलपट्टूत महिंद्रांचं संशोधन केंद्र आहे, म्हणून ती मला माहेरचीच वाटते.

दर खंडेनवमीला आम्ही चाकांखाली लिंबं ठेवतो, कोहळा फोडतो आणि आरती मराठीत म्हणतो. कॉमेट केव्हाच भंगारात गेली. तिचं स्टिअरिंग मात्र देवघराशेजारी आहे, आणि पहिलं कुंकू त्यालाच लागतं.