लाईट बिल चेकने भरायचं की मोबाईलवरून? दंड, सवलत आणि फसवणूक : लोणंद परिसरातील ग्राहकांसाठी माहिती

लोणंद : पाडेगाव, तरडगाव, सालपे, नीरा भागातून रोज शेकडो लोक कामासाठी लोणंदला येतात. कुणी कांद्याची पट्टी घ्यायला, कुणी बँकेत, तर कुणी लाईट बिल भरायला. आता बऱ्याच जणांच्या हातात मोबाईल आहे आणि दुकानात क्यूआर कोडही आहे. तरीही घरटी एक तरी चेकबुक कपाटात असतंच. बिलासाठी दोन्ही मार्ग कायदेशीर आहेत. पण नियम माहीत नसले तर दोन्हीकडे नुकसान होतं. ते नियम एका ठिकाणी देत आहोत.

रोख भरण्यावर मर्यादा

राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार महावितरणने १ ऑगस्ट २०२३ पासून रोखीने बिल भरण्यावर मर्यादा घातली आहे. घरगुती, दुकान अशा लघुदाब ग्राहकांना महिन्याला ५,००० रुपयांपर्यंत आणि शेतीपंपाच्या ग्राहकांना १०,००० रुपयांपर्यंतच रोख भरता येते. त्यापेक्षा मोठं बिल असेल, म्हणजे पिठाची गिरणी, हॉटेल, वेल्डिंगचं दुकान किंवा थकलेलं घरगुती बिल, तर चेक किंवा ऑनलाईन हेच मार्ग उरतात. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त आवडीनिवडीचा राहिलेला नाही.

चेकने भरताना तारीख कुठली धरतात?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. बिलाची शेवटची तारीख २० असेल आणि तुम्ही २० तारखेला केंद्रावर चेक दिला, तर बिल वेळेत भरलं असं होत नाही. चेक ज्या दिवशी वटतो ती तारीख महावितरण ग्राह्य धरते. मधे शनिवार-रविवार किंवा सण आला की तारीख उलटते आणि १.२५ टक्के विलंब आकार लागतो. म्हणून चेकने भरायचं असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान पाच-सहा दिवस आधी द्यावा.

चेक परत आला तर ८८५ रुपये

चेक वटला नाही तर महावितरण ७५० रुपये बँक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ८८५ रुपये पुढच्या बिलात लावते. तुमची बँक आपलं वेगळं शुल्क कापते, ते निराळंच. एका चेकवर घराची, दुकानाची, भावाची अशी तीन बिलं भरली असतील, तर हा दंड प्रत्येक बिलाला लागतो. म्हणजे तीन बिलांचे २,६५५ रुपये.

चेक नेहमी पैसे नाहीत म्हणूनच परत येतो असं नाही. सही जुळत नाही, खाडाखोड आहे, तारीख चुकली, आकड्यात आणि अक्षरात रक्कम वेगळी आहे, ही कारणंही तितकीच असतात. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. २०१२ च्या आधी ही मुदत सहा महिने होती, त्यामुळे जुन्या माणसांच्या डोक्यात अजून सहा महिनेच आहेत.

आणखी एक बदल लक्षात घ्या. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेक वटवण्याची पद्धत बदलली आहे. दिवसा ठरलेल्या वेळेत बँकेने पुढे पाठवलेल्या चेकवर समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होय किंवा नाही कळवायचं असतं. पूर्वी "आज चेक देऊ, परवा दुधाचा पगार आला की खात्यात भरू" असं चालून जायचं. आता तसं करणं धोक्याचं आहे. चेक देताना खात्यात पैसे हवेतच.

मोबाईलवरून भरल्यास काय मिळतं?

महावितरणच्या अॅपवरून, वेबसाईटवरून किंवा फोनपे, गुगल पे, भीम अशा अॅपवरून १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून बिल भरता येतं. लघुदाब ग्राहकांना ऑनलाईन भरल्याबद्दल ०.२५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत मिळते. बिलावर छापलेल्या लवकर भरण्याच्या तारखेच्या आत भरलं तर सुमारे १ टक्का सवलत वेगळी. महावितरणच्या वेबसाईटवर किंवा अॅपवर क्रेडिट कार्ड सोडून इतर मार्गांनी भरायला शुल्क नाही.

हिशोब करून बघू. बिल २,००० रुपयांचं आहे. ऑनलाईन भरलं तर ५ रुपये सवलत, लवकर भरलं तर साधारण २० रुपयांपर्यंत आणखी. तारीख चुकली तर २५ रुपये जादा. आणि चेक परत आला तर ८८५ रुपये. सवलत फार मोठी नाही हे खरं, पण एका परत आलेल्या चेकचा दंड कित्येक वर्षांच्या सवलतीपेक्षा जास्त आहे.

मोठ्या बिलासाठी एनईएफटी किंवा आरटीजीएस करता येतं. त्यासाठी लागणारा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड महावितरणकडून मिळतो. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे होतं. दोन्ही सेवा आता चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असतात.

पैसे कापले, पण बिल भरलं दिसत नाही?

रेंज गेली, अॅप अडकलं, असं होतं. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. यूपीआयने दुकानदाराला किंवा बिलासाठी दिलेले पैसे कापले गेले पण समोर पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर माहिती घेऊन तक्रार करता येते.

"आज रात्री लाईट कट होणार" हा मेसेज आला तर

मोबाईलवरच्या भरण्यात खरा धोका हा आहे. "मागील बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० ला वीज बंद होईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज येतो. फोन केला की एखादं अॅप डाऊनलोड करायला सांगतात आणि खातं रिकामं करतात. महावितरण कुठल्याही खासगी मोबाईल नंबरवरून असा मेसेज पाठवत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे "आज रात्री" हा शब्द दिसला की मेसेज खोटा समजावा.

पिन हा पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर एक तासही न घालवता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. चेकच्या बाबतीत वटायच्या आधी बँकेला सांगून पैसे थांबवता येतात, यूपीआयने गेलेला पैसा तसा थांबवता येत नाही. हा चेकचा मोठा फायदा आहे.

चेक घेताना : कांदा आणि दोन रुपये

बिल देताना आपण चेक देणारे असतो, पण शेतमाल विकताना चेक घेणारे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात आला तो २ रुपयांचा चेक, तोही पंधरा दिवस पुढच्या तारखेचा. भाव किती मिळाला हा वेगळा विषय. पण पुढच्या तारखेचा चेक म्हणजे उधारीच, हे त्या घटनेने सगळ्यांना दिसलं. तारीख येईपर्यंत बँक त्यावर पैसे देत नाही. म्हणून पट्टी घेताना रोख किंवा थेट खात्यात पैसे मागा. चेकच घ्यावा लागला तर तारीख आधी बघा.

व्यापाऱ्याचा चेक परत आला तर बँकेकडून कारणाचा मेमो घ्या. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवा. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करता येते. या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड आहे. यातली एखादी मुदत चुकली की केस अडचणीत येते, म्हणून वकिलाकडे लगेच जा.

मग कुणी काय वापरावं?

- घरचं, दुकानाचं नेहमीचं बिल : मोबाईलवरून, शेवटच्या तारखेच्या आधी.
- पाणीपुरवठा संस्था, दूध संस्था, मंडळ, जिथे दोन सह्या लागतात : चेक योग्य. कुणी किती दिले याचा कागद राहतो.
- साधा फोन असलेले : ज्या बँकांत सोय आहे तिथे यूपीआय १२३ पे ने फोन करून पैसे देता येतात. शाखेत विचारून घ्या.
- मोबाईल वापरायची भीती वाटणारे आजी-आजोबा : बिल ५,००० च्या आत असेल तर अधिकृत केंद्रावर रोख भरा आणि छापील पावती घ्या. पिन नातवाला सोडून कुणाला सांगू नका असं नाही, नातवालाही सांगू नका.

चेक देताना नाव बिलावर आहे तसंच लिहा, वरच्या कोपऱ्यात दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहा, मागे ग्राहक क्रमांक आणि मोबाईल नंबर टाका. ५०,००० च्या पुढचा चेक असेल तर आधी बँकेला त्याची माहिती देऊन ठेवा.

वीजबिलाच्या शंकेसाठी महावितरणचे टोल फ्री क्रमांक : १९१२, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५. सायबर फसवणुकीसाठी : १९३०. हे नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही द्या.